मूळ शब्दाच्या शोधात पंडिता रमाबाई

पंडिता रमाबाईंचे नाव निघाले की शारदा सदन आठवते, केडगावचे मुक्ती मिशन आठवते आणि धर्मांतरावरून उसळलेला वाद तर हमखास आठवतो. परंतु आयुष्याची शेवटची सतरा-अठरा वर्षे या विदुषीने कशासाठी वेचली, हे फारसे सांगितले जात नाही. हिब्रू आणि ग्रीक या मूळ भाषांतून संपूर्ण बायबल मराठीत आणण्याचे काम त्या करीत होत्या. त्यांच्या निधनानंतर दोन वर्षांनी, १९२४ मध्ये, हे भाषांतर प्रसिद्ध झाले. एका स्त्रीने पूर्णत्वास नेलेले असे भाषांतर जगाच्या इतिहासातही विरळाच आढळते. या कामामागे एक जुना आणि अवघड प्रश्न उभा होता. मूळ ग्रंथ हाच प्रमाण असे म्हटले, तर मूळ म्हणायचे कशाला?

पोथीच्या छायेतले बालपण

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या कर्नाटकातील अरण्यात, गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे वेदशास्त्रसंपन्न विद्वान. पत्नीला संस्कृत शिकविल्याबद्दल त्यांना धर्मपंडितांच्या सभेपुढे स्वतःचे समर्थन करावे लागले होते. ते न डगमगता त्यांनी केले आणि मुलींनाही तेच शिक्षण दिले. पुढे हे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराण सांगत हिंडू लागले. आई लक्ष्मीबाईंच्या तोंडून ऐकत ऐकत रमाबाईंनी भागवताचे हजारो श्लोक मुखोद्गत केले. ग्रंथ हा आधी कानांनी घ्यायचा, मग जिभेवर ठेवायचा आणि त्याचा शब्द न् शब्द राखायचा, हा संस्कार त्यांच्यावर या वयात झाला.

१८७४ च्या दुष्काळात आई-वडील काही महिन्यांच्या अंतराने गेले, थोरली बहीणही गेली. रमाबाई आणि त्यांचे बंधू श्रीनिवास पायी भारत पालथा घालत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचले. तेथील विद्वानांनी या वीस वर्षांच्या तरुणीची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता व सरस्वती या पदव्यांनी गौरविले.

याच कलकत्त्यात ख्रिस्ती मंडळींच्या एका मेळाव्यात रमाबाईंच्या हाती बायबलची संस्कृत प्रत आली. त्यांनी ती उघडून पाहिली आणि मिटून ठेवली. ज्या संस्कृतात त्या वाढल्या होत्या, त्याच्याशी या भाषेचे काही नातेच त्यांना जाणवेना. ती वाचणे म्हणजे वेळेचा अपव्यय, असे त्यांना वाटले. प्रत मात्र त्यांनी टाकून दिली नाही. परकी वाटणाऱ्या भाषांतराशी त्यांची ही पहिली गाठ होती.

बंगाली लूक ते इंग्लंड

१८८० मध्ये बंधूंचे निधन झाले. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. जात, प्रांत आणि भाषा अशा तिन्ही कुंपणांवरून उडी घेणारा हा विवाह होता. आसामातील सिलचर येथील घरात, पतीच्या पुस्तकांमध्ये त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली पुस्तिका सापडली. संस्कृत बायबलने जे साधले नव्हते ते या साध्या बंगालीने साधले. रमाबाई वाचू लागल्या. परंतु कन्या मनोरमेच्या जन्मानंतर वर्षभरातच, फेब्रुवारी १८८२ मध्ये, पती पटकीने दगावले.

तान्ह्या मुलीला घेऊन त्या पुण्यास आल्या. आर्य महिला समाजाची स्थापना, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक, हंटर आयोगापुढील साक्ष हे सारे त्या एकाच वर्षातले. पुढल्या वर्षी त्या इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. फुलहॅम येथे समाजाने बहिष्कृत केलेल्या स्त्रियांना ख्रिस्ती भगिनी आधार देतात, हे पाहून त्या चकित झाल्या होत्या. हे कशासाठी, असे त्यांनी विचारले, तेव्हा योहानाच्या शुभवर्तमानातील चौथ्या अध्यायात येणारी शोमरोनी स्त्रीची कथा त्यांना वाचून दाखविण्यात आली. विहिरीवर आलेल्या, लोकांनी नावे ठेवलेल्या त्या स्त्रीशी येशू बरोबरीच्या नात्याने बोलतो, ही गोष्ट त्यांच्या मनाला भिडली.

दीक्षा घेतली म्हणून प्रश्न विचारण्याची सवय सुटली नाही. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात संस्कृत शिकवीत आणि स्वतः शिकत असताना त्यांनी आपल्या धर्ममाता सिस्टर जेराल्डिन यांच्याशी पत्रांतून मोठा वाद मांडला. गळ्यातील क्रुसावर लॅटिन अक्षरे का असावीत, त्यांच्या जागी संस्कृत का नसावे, असे त्या विचारीत. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तीन असून एक कसे, हा त्रैक्याचा सिद्धान्त बायबलमध्ये आहे की नंतरच्या धर्मसभांच्या ठरावांत, असा त्यांचा खडा सवाल होता. चर्चचा शब्द आणि ग्रंथाचा शब्द यांत त्यांना ग्रंथ हवा होता.

गळालेल्या ओळी

नेमक्या याच काळात इंग्लंडमध्ये ग्रंथाच्या शब्दाचीच उलथापालथ चालू होती. १६११ पासून रूढ असलेल्या इंग्रजी बायबलची सुधारलेली आवृत्ती विद्वानांची समिती तयार करीत होती. तिचा नवा करार १८८१ मध्ये आणि जुना करार १८८५ मध्ये निघाला. वाचकांनी नवा करार उघडला आणि अनेकांना धक्का बसला, कारण पिढ्यान् पिढ्या पाठ असलेल्या काही ओळी त्यात नव्हत्याच.

योहानाच्या पहिल्या पत्रातील पाचव्या अध्यायाचे सातवे वचन हे सर्वांत गाजलेले उदाहरण. स्वर्गात साक्ष देणारे तीन आहेत आणि ते तिघे एक आहेत, असा त्याचा आशय. त्रैक्याचा इतका उघड उल्लेख बायबलमध्ये अन्यत्र नाही. परंतु हे वाक्य लॅटिन परंपरेतले. जुन्या ग्रीक हस्तलिखितांत ते आढळत नाही. इरॅस्मस या डच पंडिताने १५१६ मध्ये ग्रीक नवा करार छापून प्रसिद्ध केला, तेव्हा त्याने ते वगळले होते. त्यावर मोठे काहूर उठले. मग हे वाक्य असलेले एक ग्रीक हस्तलिखित पुढे आले आणि १५२२ च्या तिसऱ्या आवृत्तीत इरॅस्मसने ते घातले. ते हस्तलिखित त्याच्याच काळात लिहिलेले होते. तेथून हे वाक्य छापील आवृत्त्यांत आणि त्यांच्यावरून झालेल्या भाषांतरांत पसरले. १८८१ च्या इंग्रजी आवृत्तीने ते मुकाट्याने काढून टाकले. त्रैक्याला आधार कोठे, असे विचारणारी एक भारतीय तरुणी ज्या इंग्लंडमध्ये होती, तेथेच त्या सिद्धान्ताचे सर्वांत स्पष्ट वचन ग्रंथातून गळाले होते. अर्थात, त्रैक्यावरील श्रद्धा केवळ त्या एका ओळीवर उभी नव्हती, आणि पुढे रमाबाईंनीही ती मान्य केली. त्यांच्या मनातील शंकांचे निरसन करण्यात मूळचे चित्पावन ब्राह्मण असलेल्या फादर नेहेम्या गोरे यांचा वाटा मोठा होता.

लोणावळ्याची पहाट

अमेरिकेचा दौरा आटोपून रमाबाई परतल्या आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. पुढील वर्षी ते पुण्यास आले. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर सल्लागार मंडळात होते. मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडतो, या आक्षेपावरून १८९३ मध्ये वादळ उठले. सल्लागार बाजूला झाले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. पुण्यातील सुधारकांशी जोडलेला दुवा तुटला.

या एकाकीपणात, एप्रिल १८९५ मध्ये, रमाबाई लोणावळ्यास गेल्या. बोरघाटातून रेल्वे सुरू झाल्यापासून मुंबई आणि पुणे या दोन्ही ठिकाणच्या मंडळींना लोणावळा सोयीचे झाले होते आणि उन्हाळ्यात ख्रिस्ती प्रार्थनाशिबिरे तेथे भरत. रमाबाईंबरोबर सदनातील पंधरा मुली होत्या. एके दिवशी पहाटे त्या एकट्याच रानात जाऊन बसल्या. मावळच्या डोंगरांवर सूर्य वर येत असताना त्यांनी एक अजब मागणे मागितले. या पंधरांचा वर्ग व्हावा, पंधरा गुणिले पंधरा, म्हणजे दोनशे पंचवीस मुली आपल्याला मिळाव्यात. सदनात तेव्हा जेमतेम पन्नासेक मुली असताना हा आकडा अशक्यप्राय होता.

दोन वर्षांत तो आकडा आला. आणला मात्र दुष्काळाने. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात अन्नान्नदशा झाली. आपले आई-बाप याच मार्गाने गेलेले पाहिलेल्या रमाबाई तेथे धावल्या आणि शेकडो अनाथ मुलींना व विधवांना घेऊन आल्या. त्यांच्यासाठी पुण्याच्या पूर्वेस केडगाव येथील माळरानावर मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या गुजरात दुष्काळापर्यंत तेथील संख्या सुमारे दीड हजारावर पोहोचली. मुंबई, लोणावळा, पुणे आणि केडगाव ही रमाबाईंच्या उत्तरायुष्यातील चारही ठिकाणे एकाच लोहमार्गावर आहेत.

केडगावचा छापखाना

या मुलींपैकी बहुतेकींना अक्षरओळख नव्हती. त्यांच्या हाती बायबल द्यायचे तर कोणते? मराठीत बायबल नव्हते असे नाही. विल्यम कॅरी यांनी वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने सेरामपूर येथे मत्तयाचे शुभवर्तमान १८०५ मध्येच छापले होते. पुढे मुंबईत अमेरिकन मराठी मिशनच्या आणि बायबल सोसायटीच्या पंडितांनी त्यावर बरीच मेहनत घेतली. परंतु रूढ भाषांतराबद्दल रमाबाईंचे दोन आक्षेप होते. एक, ते संस्कृतप्रचुर असल्याने अडाणी बाईला समजत नाही. दोन, त्यातील अनेक धार्मिक शब्द आपल्याबरोबर हिंदू दर्शनांतील अर्थ घेऊन येतात आणि मूळ आशय झाकून टाकतात. गंमत अशी, की संस्कृतची धास्ती घेणारी ही भाषांतरकार देशातील मोजक्या संस्कृत पंडितांपैकी होती. एखाद्या शब्दामागे कोणती परंपरा उभी आहे, हे तिला इतरांहून अधिक ठाऊक होते.

पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्यांनी हे काम हाती घेतले. हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास केला, आपल्या मुलींना त्या शिकविल्या आणि त्यासाठी मराठीतून हिब्रूचे व्याकरणही तयार केले. खिळे जुळविणे, छापणे, मुद्रिते तपासणे, बांधणी करणे ही सगळी कामे केडगावच्या छापखान्यात स्त्रियाच करीत. ज्यांना घराने नाकारले होते, त्या स्त्रियांच्या बोटांखालून प्राचीन भाषांचे ग्रंथ मराठीत उतरू लागले.

मूळ म्हणजे काय?

मूळ भाषेतून भाषांतर करणाऱ्यापुढे पहिला पेच असा असतो, की मूळ प्रत अस्तित्वातच नाही. लोणावळ्यापासून हाकेच्या अंतरावर कार्ल्याचे लेणे आहे. तेथील दानलेख साधारणतः नवा करार लिहिला गेला त्याच्या आसपासच्या शतकांतले. दगडात कोरलेले असल्याने ते आजही कोरणाऱ्याच्याच अक्षरांत वाचता येतात. नवा करार मात्र पपायरसवर लिहिला गेला. मूळ लेखकांच्या हातची एकही प्रत उरलेली नाही. उरल्या त्या प्रतींच्या प्रती. आज ग्रीक हस्तलिखिते पाच हजारांहून अधिक आहेत आणि त्यांत असंख्य पाठभेद आहेत. बहुतेक क्षुल्लक आहेत, थोडे मात्र जिव्हारी लागणारे.

त्यातले दोन केडगावच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे होते. व्यभिचाराच्या आरोपावरून पकडून आणलेल्या स्त्रीला दगडमारापासून येशू वाचवितो, ही योहानाच्या आठव्या अध्यायातील कथा जगभर प्रिय आहे. ज्या संस्थेत फसवलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन नावाचा स्वतंत्र विभाग होता, तेथे या कथेचे मोल काय असेल, हे सांगायला नको. परंतु सर्वांत जुन्या ग्रीक हस्तलिखितांत ही कथा नाही. काही हस्तलिखितांत ती योहानाऐवजी लूकच्या ग्रंथात येते. कथा प्राचीन आणि कदाचित खऱ्या आठवणीवर आधारलेली असली, तरी ती योहानाच्या लेखणीची नव्हे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. रमाबाईंना ज्या कथेने जिंकले ती चौथ्या अध्यायातील शोमरोनी स्त्रीची कथा मात्र हस्तलिखितांच्या कसोटीवर निर्विवाद आहे.

दुसरा पाठ मार्काच्या शेवटच्या अध्यायातला. चौथ्या शतकातील दोन महत्त्वाच्या हस्तलिखितांत, व्हॅटिकन आणि सिनाई येथील प्रतींत, हे शुभवर्तमान सोळाव्या अध्यायाच्या आठव्या वचनापाशी थांबते. थडगे रिकामे पाहून स्त्रिया भेदरून पळतात आणि कोणाला काही सांगत नाहीत, असा तो शेवट. पुढची बारा वचने इतर बहुसंख्य प्रतींत येतात. विश्वास ठेवणारे नव्या भाषा बोलतील, हे वचन त्याच बारांत आहे. १९०५ मध्ये मुक्ती सदनात जे धार्मिक पुनरुज्जीवन झाले, त्यात अनेक मुली अनोळखी भाषांत प्रार्थना करू लागल्या होत्या. त्याचा आधार शोधणाऱ्याला प्रेषितांची कृत्ये आणि करिंथकरांस लिहिलेले पत्र खात्रीने हाताशी होते, मार्काचे ते वचन मात्र वादाच्या भोवऱ्यात होते. कृत्यांच्याच आठव्या अध्यायात नव्या आवृत्त्यांतून छत्तिसाव्या वचनानंतर एकदम अडतिसावे येते, तेही अशाच कारणाने.

जुन्या करारात प्रश्न वेगळ्या प्रकारचे. यशयाच्या सातव्या अध्यायात हिब्रू शब्द आहे ‘अल्मा’, म्हणजे तरुणी. प्राचीन ग्रीक भाषांतराने त्यासाठी कुमारी या अर्थाचा शब्द योजला आणि मत्तयाने तोच उचलला. हिब्रू वाचणारा आणि ग्रीक वाचणारा एकाच वचनाचे दोन अर्थ हाती घेऊन बसतात ते यामुळे. मृत समुद्राकाठच्या गुहांत यशयाची दोन हजार वर्षांपूर्वीची गुंडाळी १९४७ मध्ये सापडली. रमाबाई तेव्हा हयात नव्हत्या.

मराठी मनाला हा पेच परका नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ती पाठ बिघडले होते म्हणूनच. तुकारामांचे अभंग लिहून ठेवणारे संताजी जगनाडे यांची समाधी मावळातील सुदुंबरे येथे आहे. तरीही १८६९ ते १८७३ या काळात गाथेची इंदुप्रकाश प्रत सिद्ध करताना संपादकांना देहू, तळेगाव, कडूस आणि पंढरपूर येथील वह्या ताडून पाहाव्या लागल्या. रमाबाई केडगावी मुद्रिते तपासत असतानाच, १९१९ मध्ये, पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम आरंभले. ते १९६६ मध्ये संपले, तेव्हा द्रौपदीने कृष्णाचा धावा केल्याचे लोकप्रिय श्लोक मुख्य संहितेतून तळटीपेत गेलेले होते. ज्या भांडारकरांच्या नावाने ही संस्था निघाली ते एकेकाळी रमाबाईंच्या सदनाचे सल्लागार होते. वाटा फुटल्या, तरी ग्रंथाच्या मुळाशी जाण्याची ओढ दोघांची एकच.

अखेरची मुद्रिते

शेवटची वर्षे कष्टाची गेली. ऐकू येणे कमी झाले होते, प्रकृती साथ देत नव्हती. सर्व कामाचा भार पेलणारी मनोरमा २४ जुलै १९२१ रोजी आईआधी गेली. रमाबाईंनी शोक आवरून उरलेली मुद्रिते पुढे ओढली. ती तपासून पूर्ण केली आणि लगेचच, ५ एप्रिल १९२२ रोजी, त्यांनी देह ठेवला.

त्यांचे भाषांतर सर्वमान्य झाले, असे म्हणता येणार नाही. मराठी चर्चमध्ये बायबल सोसायटीचीच आवृत्ती रूढ राहिली. संस्कृत शब्द टाळण्याच्या आग्रहामुळे धर्मभाषेला लागणारे गांभीर्य काही ठिकाणी उणावते, हा आक्षेपही विचारात घ्यावा लागतो. शिवाय ज्या शब्दांना त्यांनी परके ठरविले, ते मराठी ख्रिस्ती समाजाच्या प्रार्थनेत तोवर रुळून गेले होते.

तरीही या कामाचे महत्त्व कमी होत नाही. स्त्रियांना वेदाधिकार नाही असे सांगणाऱ्या समाजात त्या जन्मल्या, आणि धर्माचा अर्थ आम्ही सांगू तो घ्या असे म्हणणारे लोक त्यांना इंग्लंडमध्येही भेटले. दोन्हीकडे त्यांचे उत्तर एकच होते. ग्रंथ दाखवा, मी स्वतः वाचेन. वाचण्यासाठी लागेल ती भाषा शिकण्याची त्यांची तयारी होती आणि वाचलेले सर्वांत शेवटच्या बाकावरील बाईपर्यंत पोहोचविण्याची जिद्दही होती. वडिलांनी आईला संस्कृत शिकविल्याबद्दल सभेपुढे दिलेले उत्तर लेकीने आयुष्यभर, आणखी दोन भाषा शिकून, पुढे चालविले.